नेव्हाडा: हद्द आधी, माणसं नंतर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला गेलेले आईवडील एकदा तरी नेव्हाडा राज्यातल्या लास वेगासला जाऊन येतात, आणि परत आले की प्रश्न सुरू होतात. वाळवंटात एवढं शहर कसं? नकाशात राज्याचं खालचं टोक असं कापल्यासारखं का? हे प्रश्न इतक्यांदा आले, की एकेकाला उत्तर लिहीत बसण्यापेक्षा सगळं एकदाच मांडून ठेवलं. सोपं आधी, किचकट शेवटाकडे. एक गोष्ट मात्र अधूनमधून डोकावत राहील: या राज्याची हद्द आधी ठरली, माणसं नंतर आली, आणि आली तीही भलत्याच कोपऱ्यात.

१. नेवाडा, नेव्हाडा की नेव्हॅडा? बरोबर काय?

मूळ शब्द स्पॅनिश. अर्थ हिमाच्छादित. शेजारच्या सिएरा नेव्हाडा पर्वतावरून तो आला आणि देशातल्या सर्वांत कोरड्या राज्याला चिकटला. तिथले लोक 'नेव्हॅडा' म्हणतात, 'बॅट'मधला ॲ. तुम्ही 'नेव्हाडा' म्हणालात तर तिथल्या रेनो शहरातला माणूस हसून का होईना, पण दुरुस्त करतोच. मराठी वर्तमानपत्रांत नेवाडा आणि नेव्हाडा दोन्ही छापून येतं. मी इथे नेव्हाडा ठेवलंय. राज्य होताना 'वॉशो' हे नावही चर्चेत होतं. ते झालं असतं तर उच्चाराचा वाद तरी टळला असता.

२. ही जमीन अमेरिकेकडे आली कशी?

मेक्सिकोकडून, युद्ध जिंकून. आधी स्पेनचा कागदावरचा हक्क, १८२१ नंतर मेक्सिकोचा. प्रत्यक्षात दोघांचंही तिथे ठाणं नव्हतं. तिथे राहत होते पायूट, शोशोनी आणि वॉशो लोक (त्यांच्याबद्दल प्रश्न ११ पाहा). २ फेब्रुवारी १८४८ रोजी ग्वादालूपे हिदाल्गोचा तह झाला आणि आजचं कॅलिफोर्निया, नेव्हाडा, युटा वगैरे सगळा पट्टा अमेरिकेकडे आला.

नेव्हाडाची उत्तर सीमा मात्र याहून जुनी. १८१९ मध्ये अमेरिका आणि स्पेन यांनी ४२° उत्तर अक्षवृत्त ही हद्द मानली होती. ती रेघ अजून तशीच आहे. तिच्यावर ऑरेगन आणि आयडाहो, खाली नेव्हाडा.

३. टेरिटरी आणि स्टेट यांत फरक काय?

आपल्याकडच्या केंद्रशासित प्रदेशाच्या जवळपास जाणारी कल्पना. त्या काळी टेरिटरीचा गव्हर्नर राष्ट्राध्यक्ष नेमायचा, प्रतिनिधिगृहात तिचा एक प्रतिनिधी बसतो पण त्याला मत नसतं, आणि टेरिटरीची हद्द काँग्रेस (म्हणजे त्यांची संसद) वाटेल तशी बदलू शकते. स्टेट झालं की स्वतःची राज्यघटना, स्वतःचा निवडलेला गव्हर्नर आणि सिनेटमध्ये दोन जागा. एकदा स्टेट झालं की त्याच्या संमतीशिवाय हद्दीला हात लावता येत नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

४. आधी हा भाग युटात होता म्हणतात. मग वेगळा का झाला?

हो, बहुतेक सगळा. ९ सप्टेंबर १८५० रोजी युटा टेरिटरी झाली, तेव्हा ३७° अक्षवृत्ताच्या वरचा आजचा नेव्हाडा तिच्यातच होता. पश्चिम टोकाला, कार्सन खोऱ्यात, मॉर्मन लोकांनी (युटात वसलेला ख्रिस्ती पंथ) १८५१ मध्ये एक व्यापारी ठाणं उभारलं. त्यालाच आज जिनोआ म्हणतात. कॅलिफोर्नियाला निघालेल्या गाड्यांना पीठ, बैल, घोडे विकणं हा धंदा. सरकार सॉल्ट लेक सिटीत, मधे आठशे-नऊशे किलोमीटर वाळवंट. १८५७ मध्ये संघराज्याची फौज युटावर चालून येते आहे म्हटल्यावर मॉर्मनांचे प्रमुख ब्रिगहॅम यंग यांनी आपल्या लोकांना परत बोलावलं. ते गेले, आणि मागे उरलेल्यांना ना धड कोर्ट ना धड शेरीफ.

त्यांनी वेगळं होण्यासाठी अर्जविनंत्या केल्या, पण मूठभर लोकांचं ऐकतंय कोण. १८५९ मध्ये कॉमस्टॉक लोड ही चांदीची प्रचंड शीर सापडली. सिएरा ओलांडून माणसांची रीघ लागली, व्हर्जिनिया सिटी डोंगराच्या उतारावर उभं राहिलं, आणि खाणींच्या हद्दींचे खटले चालवायला कोर्ट हवं झालं. २ मार्च १८६१ रोजी राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांनी पद सोडायच्या दोन दिवस आधी नेव्हाडा टेरिटरीच्या कायद्यावर सही केली. गव्हर्नर जेम्स नाय यांना नेमलं ते लिंकनने. सचिव होते ओरायन क्लेमेन्स. त्यांच्यासोबत धाकटा भाऊही आला आणि व्हर्जिनिया सिटीच्या वर्तमानपत्रात 'मार्क ट्वेन' या नावाने लिहायला लागला.

५. एवढ्या थोड्या लोकांना १८६४ मध्ये राज्याचा दर्जा मिळाला कसा?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. राज्यासाठी ६०,००० वस्ती हवी, असा एक जुना संकेत होता. १८६०च्या मोजणीत इथे ६,८५७ माणसं होती आणि १८७० मध्येही ४२ हजारच भरली. म्हणजे १८६४ मध्ये तो आकडा कुठून येणार? पण तो संकेत होता, घटनेतली अट नव्हती. काँग्रेसला मनावर घ्यायचं तर ती कुणालाही आत घेऊ शकत होती.

आणि त्या वर्षी मनावर घ्यायला कारण होतं. यादवी युद्ध चालू होतं, ८ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती आणि गुलामगिरी रद्द करणारी घटनादुरुस्ती अडकली होती. रिपब्लिकन पक्षाला खात्रीची मतं हवी होती, काँग्रेसमध्येही आणि राज्यांच्या मंजुरीतही. मार्च १८६४ मध्ये परवानगीचा कायदा झाला. जानेवारीत नेव्हाडाच्या मतदारांनी पहिला घटनेचा मसुदा चारास एक अशा मतांनी फेटाळला होता, कारण त्यात खाणींवर जड कर होता. दुसऱ्या मसुद्यात कर फक्त निव्वळ उत्पन्नावर ठेवला. सप्टेंबरात १०,३७५ विरुद्ध १,२८४ मतांनी तो मंजूर झाला.

आता गंमत. मंजूर घटनेची प्रत वॉशिंग्टनला पोचल्याशिवाय लिंकन घोषणा करू शकत नव्हते. जमिनीवरून आणि समुद्रावरून प्रती पाठवल्या होत्या, पण ऑक्टोबर संपत आला तरी पत्ता नाही. शेवटी २६ ऑक्टोबरला राजधानी कार्सन सिटीहून अख्खी घटना तारेने पाठवायला घेतली. १६,५४३ शब्द. सलग तार नव्हती, म्हणून सॉल्ट लेक सिटी, शिकागो, फिलाडेल्फिया अशा टप्प्यांवर माणूस ऐकून उतरवून घेणार आणि पुढच्या तारेवर पुन्हा टकटक वाजवणार. दोन दिवस लागले. बिल झालं ४,३०३ डॉलर २७ सेंट. 'मजकूर मोठा, पोच लवकर' हे सांगणाऱ्या आपल्या जुन्या पोस्टमास्तरांना हे बिल दाखवायला हवं होतं. ३१ ऑक्टोबर १८६४ रोजी, निवडणुकीच्या आठ दिवस आधी, नेव्हाडा ३६वं राज्य झालं. झेंड्यावर 'बॅटल बॉर्न' आहे, ते याच युद्धामुळे.

एवढा आटापिटा करून नेव्हाडाची तीनपैकी दोनच निर्वाचक मतं (राज्याच्या वतीने राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींची मतं) पडली. तिसरा निर्वाचक मत द्यायला पोचलाच नाही. लिंकन २१२ विरुद्ध २१ असे निवडून आले. नेव्हाडाची मतं नसती तरी काही बिघडलं नसतं. घटनादुरुस्तीला मात्र नेव्हाडाने फेब्रुवारी १८६५ मध्येच मंजुरी दिली.

६. लिंकनला चांदी हवी होती म्हणून राज्य केलं, हे खरं ना? गाईडने सांगितलं.

गाईड सांगतातच. पण विचार करा: टेरिटरी म्हणून नेव्हाडा आधीपासून संघराज्याच्या ताब्यात होता, आणि तिथली चांदी अमेरिकी बाजारातच येत होती. राज्याचा दर्जा दिल्याने सरकारला एक औंसही जास्त मिळणार नव्हता. हवी होती ती मतं (प्रश्न ५).

७. पूर्व सीमा दोनदा सरकली म्हणजे काय?

१८६१ मध्ये नेव्हाडा आजच्यापेक्षा बराच अरुंद होता. पूर्वेला नव्या खाणी सापडल्या की काँग्रेस युटाचा एकेक अंश कापून नेव्हाडाला द्यायची. १८६२ मध्ये एक अंश, १८६६ मध्ये आणखी एक. युटा टेरिटरीच होती, तिला विचारायची गरज नव्हती (प्रश्न ३). मॉर्मनांवर काँग्रेसचा रागही होता, त्यामुळे कात्री सढळ चालली.

या रेघेत एक बारकावा आहे. त्या काळी अमेरिकेत रेखावृत्तं ग्रिनिचपासून नव्हे, वॉशिंग्टनच्या वेधशाळेपासून मोजत. पूर्व सीमा म्हणजे 'वॉशिंग्टनपासून पश्चिमेला ३७ अंश'. म्हणून आजच्या नकाशावर ती बरोबर ११४ अंशांवर न पडता सुमारे चार किलोमीटर पश्चिमेला पडते. गूगलच्या नकाशात रेघ चुकली आहे, असं कळवणारे वाचक मला दर वर्षी भेटतात. रेघ बरोबर आहे.

८. खालचं टोक ॲरिझोनाचं होतं?

होतं. आणि आजचा नेव्हाडा समजून घ्यायचा तर हाच तुकडा बघायचा.

३७° अक्षवृत्ताच्या खालचा, कोलोरॅडो नदीपर्यंतचा त्रिकोण १८५० मध्ये न्यू मेक्सिको टेरिटरीत गेला आणि १८६३ मध्ये नव्या ॲरिझोना टेरिटरीत. ॲरिझोनाने १८६५च्या डिसेंबरात तिथे पा-यूट काउंटी (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) केली. कॉलव्हिल हे नदीवरचं आगबोटींचं ठाणं तिचं मुख्य गाव. मे १८६६ मध्ये काँग्रेसने कायदा करून हा त्रिकोण नेव्हाडाला देऊ केला. खाणींची आशा होती, नदीपर्यंत वाट मिळत होती, आणि नेव्हाडाला सिनेटमध्ये दोन आवाज होते, ॲरिझोनाला एकही नव्हता. १८ जानेवारी १८६७ रोजी नेव्हाडाच्या विधिमंडळाने जमीन स्वीकारली. ॲरिझोनाने आरडाओरडा केला, निषेधाचे ठराव पाठवले. टेरिटरीचं कोण ऐकतो.

त्या वेळी तिथे काही मॉर्मन शेतकरी, दक्षिण पायूट लोकांच्या वस्त्या आणि झऱ्याकाठचं एक कुरण. त्या कुरणाचं नाव लास वेगास, स्पॅनिशमध्ये 'कुरणं'. आज राज्यातल्या दर चार माणसांतली जवळजवळ तीन या त्रिकोणात, म्हणजे क्लार्क काउंटीत राहतात: २०२० मध्ये २२,६५,४६१. ॲरिझोनाकडे हा तुकडा राहिला असता, तर नेव्हाडा आजही देशातल्या सगळ्यात छोट्या वस्तीच्या राज्यांत मोजलं गेलं असतं.

वकिली मनाच्या वाचकांसाठी: राज्यघटनेत जी हद्द लिहिली होती तिच्यात हा त्रिकोण नव्हता, आणि घटनेचा मजकूर दुरुस्त झाला तो थेट १९८२ मध्ये. मधली ११५ वर्षं हा त्रिकोण घटनेच्या कलमाबाहेर राहून कर भरत होता.

९. लेक मीडमधून वर आलेलं ते गाव कोणतं?

सेंट थॉमस. हद्द सरकली की माणसाचं काय होतं, ते या गावात दिसतं. १८६५ मध्ये मडी नदीकाठी मॉर्मनांनी वसवलं. आपण युटात किंवा फार तर ॲरिझोनात आहोत, अशी त्यांची समजूत. १८७० मध्ये जमिनीची मोजणी झाली तेव्हा गाव नेव्हाडात निघालं. नेव्हाडाने मागच्या वर्षांचा कर मागितला, तोही सोन्याच्या नाण्यांत. कापूस पिकवणाऱ्यांकडे सोनं कुठलं? १८७१ मध्ये जवळजवळ सगळं गाव उठून युटाला गेलं.

पुढे दुसरे लोक येऊन राहिले. मग कोलोरॅडो नदीवर हूवर धरण झालं आणि त्याच्या लेक मीड तलावाचं पाणी चढत आलं. १९३८ च्या जूनमध्ये शेवटचा रहिवासी होडीत बसून घराबाहेर पडला. या शतकातल्या दुष्काळात तलाव उतरला आणि गाव उघडं पडलं. आम्ही एका जानेवारीत चालत गेलो होतो. शाळेचा चौथरा, कुठेच न जाणाऱ्या पायऱ्या, झाडांचे रांगेत कापलेले बुंधे, आणि वाळूत सगळीकडे पांढरे शिंपले. सोबतच्या लहानग्याने विचारलं, "इथे समुद्र होता का?" काय सांगणार.

१०. कॅलिफोर्नियाशी असलेली सीमा तिरकी का?

ती कॅलिफोर्नियाने १८४९ मध्ये आपल्या घटनेत स्वतःच आखून घेतली. ४२° पासून ३९° पर्यंत १२०व्या रेखावृत्तावरून सरळ खाली, तिथून कोलोरॅडो नदीपर्यंत तिरकी. वळणाचा बिंदू ताहो तलावाच्या ऐन मधे पाण्यात पडतो. नेव्हाडाच्या १८६१च्या कायद्यात पश्चिम हद्द सिएराच्या माथ्यापर्यंत दाखवली होती, पण 'कॅलिफोर्नियाची संमती असेल तर' या शर्तीवर. कॅलिफोर्नियाने संमती दिली नाही.

प्रत्यक्ष जमिनीवर रेघ कुठे, हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्यातून ऑरोराचा किस्सा घडला. हे खाणीचं गाव कॅलिफोर्नियाच्या मोनो काउंटीचं मुख्य ठिकाण होतं आणि त्याच वेळी नेव्हाडाच्या एस्मेराल्डा काउंटीचंही. दोन न्यायाधीश, दोन शेरीफ. सप्टेंबर १८६३ मध्ये दोन्हीकडच्या निवडणुका एकाच दिवशी आल्या. लोकांनी एका ठिकाणी कॅलिफोर्नियासाठी मत दिलं, चार पावलं चालून दुसरीकडे नेव्हाडासाठी दिलं. काही आठवड्यांनी मोजणीदार पोचले आणि गाव काही किलोमीटर नेव्हाडात निघालं. मोनो काउंटीचे अधिकारी दप्तर उचलून कॅलिफोर्नियात परतले.

उत्तरेला सुझनव्हिलमध्ये प्रकरण गोळीबारापर्यंत गेलं. फेब्रुवारी १८६३ मध्ये नेव्हाडाची बाजू घेणारे आयझॅक रूप यांच्या लाकडी घरात दबा धरून बसले, कॅलिफोर्नियाची तुकडी बाहेर. माणसं जखमी झाली, मग दोन्ही बाजूंनी मोजणीवर सोडायचं ठरवलं. ते गाव कॅलिफोर्नियात गेलं. नंतरच्या मोजण्यांतही चुका होत्याच. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की इतकी वर्षं मानत आलेल्या रेघाच कायम. सीमावादाची तारीख पडत राहण्यात मुरलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही.

११. रेनोत 'इंडियन कॉलनी' अशी पाटी दिसली. आपले लोक तिथे राहतात का?

नाही हो. दर वर्षी कुणीतरी काका तिथे किराणा शोधत जातात. नेव्हाडात 'कॉलनी' म्हणजे मूळ रहिवाशांच्या ताब्यातली, बहुतेक वेळा शहरालगतची छोटी जमीन. रेनो-स्पार्क्स इंडियन कॉलनी हे पायूट, वॉशो आणि शोशोनी लोकांचं. लास वेगासची वस्ती १९११ मध्ये हेलन स्टुअर्ट या रँचमालकीणबाईंनी दिलेल्या दहा एकरांवर सुरू झाली.

मोठा प्रश्न जमिनीचा आहे. पश्चिम शोशोनी लोकांनी १ ऑक्टोबर १८६३ रोजी रूबी व्हॅलीत अमेरिकेशी तह केला. त्यात रस्ते, तारा, खाणी, रेल्वे यांना वाट दिली. जमीन विकल्याचा एक शब्द त्यात नाही. पुढे सरकारी आयोगाने ठरवलं, की 'हळूहळू अतिक्रमण' होऊन त्यांचा हक्क संपला, आणि १९७९ मध्ये २ कोटी ६० लाख डॉलर मंजूर केले. त्यांनी पैसे घ्यायला नकार दिला. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, रक्कम त्यांच्या नावे खात्यात जमा झाली म्हणजे मोबदला मिळाला. धरणग्रस्तांच्या नावाने कोर्टात भरलेल्या रकमेचे किस्से ज्यांच्या घरात आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

१२. लोकसंख्या किती आणि कशी वाढली? आकडे एकत्र द्या.

निवडक जनगणना:

१८६०: ६,८५७
१८७०: ४२,४९१
१८८०: ६२,२६६
१९००: ४२,३३५
१९१०: ८१,८७५
१९२०: ७७,४०७
१९४०: १,१०,२४७
१९६०: २,८५,२७८
१९९०: १२,०१,८३३
२०००: १९,९८,२५७
२०२०: ३१,०४,६१४

अंदाज यावा म्हणून: क्षेत्रफळ सुमारे २ लाख ८६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा थोडंसं कमी. आणि माणसं २०११च्या जनगणनेतल्या पुणे महापालिकेइतकी. १९५०च्या मोजणीपर्यंत हे देशातलं सगळ्यात कमी वस्तीचं राज्य होतं.

१३. १८८० नंतर लोक कुठे गेले? आणि एवढी वस्ती घटल्यावर राज्याचा दर्जा काढता येतो का?

१८७० आणि १९०० चे आकडे शेजारी ठेवा. तीस वर्षांनी १५६ माणसं कमी. कॉमस्टॉकची शीर १८७०च्या दशकाअखेर आटली, १८७३ मध्ये काँग्रेसने चांदीच्या डॉलरची नाणी पाडणं थांबवल्यावर भावही पडत गेला. खाणकामगार दुसऱ्या राज्यांतल्या खाणींकडे निघून गेले. घरंही नेली. लाकूड दुर्मीळ, म्हणून लोक घर सोडताना फळ्या उपसून बरोबर न्यायचे.

१८९०च्या दशकात पूर्वेकडची वर्तमानपत्रं उघड लिहीत होती, की या राज्याचा दर्जा काढा किंवा युटाला जोडा. पण घटनेत तशी सोयच नाही. दोन राज्यं जोडायची तर दोघांची संमती हवी, आणि सिनेटमधला समान हक्क राज्याच्या मर्जीविना काढता येत नाही. नेव्हाडा कशाला हो म्हणेल?

१९०० मध्ये टोनोपाला चांदी आणि १९०२ मध्ये गोल्डफिल्डला सोनं सापडलं, आकडा दुप्पट झाला, आणि पुन्हा उतरला. गोल्डफिल्ड ऐन भरात राज्यातलं सगळ्यात मोठं गाव होतं, चार मजली विटांचं हॉटेल बांधलेलं. हॉटेल अजून उभं आहे, गावात काही शे माणसं. त्याच्या एस्मेराल्डा काउंटीत २०२० मध्ये ७२९ जण मोजले गेले. आमच्या सोसायटीत याहून जास्त राहतात.

१४. मग लास वेगास जुगारामुळेच वाढलं ना?

एकट्या जुगारामुळे नाही. क्रम असा. १९०५ च्या मे महिन्यात रेल्वे कंपनीने भर उन्हात प्लॉटचा लिलाव केला. गाड्यांच्या इंजिनांना पाणी लागायचं, ते त्या झऱ्यांवर मिळायचं. १९१० मध्ये गावात हजारभरही माणसं नव्हती. १९३१ साली तीन गोष्टी एकदम झाल्या: हूवर धरणाचं काम सुरू झालं, जुगार कायदेशीर झाला, आणि घटस्फोटासाठी लागणारा वास्तव्याचा काळ सहा आठवड्यांवर आला. घटस्फोटाची गर्दी मुख्यतः रेनोला गेली. वेगासला गेले धरणाचे मजूर, पगार खिशात घेऊन.

मग दुसरं महायुद्ध, मॅग्नेशियमचा कारखाना (त्यातून हेंडरसन शहर), विमानदलाचा तळ, १९५१ पासून अणुचाचण्यांचं क्षेत्र. सरकारी पैशाचा हा भाग गाईड सांगत नाहीत. त्यावर वातानुकूलन, लॉस एंजेलिसहून सरळ रस्ता आणि आयकर नसलेलं राज्य. १९५० पर्यंत रेनोची वॉशो काउंटी लोकसंख्येत पुढे होती, १९६० मध्ये क्लार्क पुढे गेली ती गेलीच. येणारे मुख्यतः बाहेरचे, त्यांतही कॅलिफोर्नियातले. नेव्हाडात राहणाऱ्यांपैकी तिथेच जन्मलेले चारांत साधारण एक, हे प्रमाण देशात सगळ्यात कमी.

१५. 'देशातलं सर्वांत वेगाने वाढणारं राज्य' हे अजून खरं आहे का?

१९६० ते २०१० या पाचही दशकांत टक्केवारीने नेव्हाडा पहिला. १९५०च्या दशकात फ्लोरिडाने अर्ध्या टक्क्याने मागे टाकलं. २०१० ते २०२० मध्ये युटा पहिला आला, नेव्हाडा १५ टक्क्यांवर पाचव्या क्रमांकाच्या आसपास. २००८ च्या मंदीत घरांचा बाजार इथे फार वाईट कोसळला, त्याचा तो परिणाम. प्रतिनिधिगृहात १९८० पर्यंत एकच जागा होती, आज चार आहेत.

१६. स्ट्रिप म्हणे लास वेगास शहरात नाहीच?

बरोबर. झगमगाटाच्या त्या रस्त्याचा बहुतेक भाग शहराच्या हद्दीबाहेर, पॅराडाइज आणि विंचेस्टर नावाच्या वस्त्यांत आहे. १९५० मध्ये शहराने हा भाग आत घेऊन कर लावायचा घाट घातला, तेव्हा कॅसिनोवाल्यांनी काउंटीकडून स्वतंत्र 'टाउन' करून घेतलं. त्यामुळे २०२० मधली शहराची ६,४१,९०३ ही संख्या बघून 'एवढंच?' म्हणू नका. खोऱ्याची वस्ती पाहायची तर क्लार्क काउंटीचा आकडा घ्या (प्रश्न ८).

१७. एवढ्या लोकांना पाणी पुरतं कुठून?

सुमारे ९० टक्के कोलोरॅडो नदीतून, लेक मीडमार्गे. नदीच्या खालच्या खोऱ्याचं वाटप १९२०च्या दशकात ठरलं. कॅलिफोर्नियाला ४४ लाख एकर-फूट, ॲरिझोनाला २८ लाख, नेव्हाडाला फक्त ३ लाख. आपल्या भाषेत १३ टीएमसी. पुण्याच्या खडकवासला साखळीतली चार धरणं भरली की २९ टीएमसी होतात, म्हणजे त्याच्या निम्मंही नाही. तेव्हा वेगासला पाच हजार लोक होते, कुणी जास्त मागितलंही नाही. वेगास टिकलं ते एका युक्तीवर. घरातलं, हॉटेलांतलं सांडपाणी शुद्ध करून लेक मीडमध्ये परत सोडतात आणि जितकं सोडलं तितकं पुन्हा उचलायची मुभा मिळते. म्हणून तिथे नळापेक्षा हिरवळीवर जास्त निर्बंध.

१८. १८६० मध्ये टेरिटरीच नव्हती, मग त्या वर्षीचा आकडा कसा? आणि १८९० चे दोन आकडे दिसतात ते का?

१८६० चे ६,८५७ म्हणजे तेव्हाच्या युटा टेरिटरीच्या पश्चिम भागातली मोजणी. प्रसिद्ध होताना ती नेव्हाडाच्या नावावर टाकली गेली. १८९० साठी ४५,७६१ आणि ४७,३५५ असे दोन आकडे सापडतील. पहिल्यात राखीव क्षेत्रांतले मूळ रहिवासी नाहीत, दुसऱ्यात आहेत. १८९० पूर्वीच्या आकड्यांत कर न भरणारे मूळ रहिवासी धरलेलेच नाहीत, त्यामुळे '१८६० मध्ये नेव्हाडात सात हजारही माणसं नव्हती' हे वाक्य लिहू नका. मोजलेली नव्हती, असं लिहा.

१९. मोकळी जमीन एवढी आहे, तर शहरं पसरत का नाहीत?

कारण राज्याची सुमारे ८० टक्के जमीन संघराज्य सरकारची आहे. १८६४ मध्ये राज्य होताना नेव्हाडाने वाटप न झालेल्या सार्वजनिक जमिनीवरचा हक्क कायमचा सोडला. ती अटच होती. १९७९ मध्ये विधिमंडळाने ती जमीन आपली असल्याचा कायदा करून पाहिला, निष्पन्न काही झालं नाही. १९९८ च्या कायद्याने वेगासभोवतीची सरकारी जमीन लिलावाने विकली जाते, आणि शहर तेवढ्याच टप्प्याटप्प्याने सरकतं.

२०. एका राज्यात दोन घड्याळं का?

वेस्ट वेंडोव्हर हे गाव युटाच्या रेघेला चिकटलंय, त्याचे गिऱ्हाईक युटाचे. म्हणून १९९९ पासून तिथे अधिकृतपणे युटाची वेळ. पलीकडचं वेंडोव्हरही नेव्हाडात घ्यावं असा ठराव २००२ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झाला, सिनेटमध्ये विरला.

२१. शून्य लोकसंख्येची काउंटी खरंच होती?

होती, बुलफ्रॉग काउंटी. १९८७ मध्ये युका पर्वताखाली देशभरचा अणुकचरा पुरायचं घाटत होतं. ज्या काउंटीत तो येईल तिला केंद्राकडून पैसे मिळणार. राज्याच्या विधिमंडळाने नाय काउंटीतून नेमका तो पर्वताचा तुकडा, सुमारे ३७० चौरस किलोमीटर, कापून नवी काउंटी केली. रहिवासी शून्य, रस्ते कच्चे, आणि मुख्य ठिकाण चारशेहून जास्त किलोमीटर दूर, कार्सन सिटीत, म्हणजे पैसे थेट राज्याकडे. नाय काउंटी कोर्टात गेली. मतदारच नाहीत तर अधिकारी निवडणार कोण, असा प्रश्न आला, न्यायाधीशांनी कायदा घटनाबाह्य ठरवला, आणि १९८९ मध्ये तो तुकडा परत नाय काउंटीला जोडला. मधल्या काळात एकही जनगणना पडली नाही, त्यामुळे तिचा शून्य कुठल्याच तक्त्यात आलेला नाही.